बोटभर जागा

आकाराम आणि बाळासो ह्या सख्ख्या भावांत बारा वर्षांचा अबोला होता, आणि तरी त्या बारा वर्षांत त्यांनी कोल्हापुरातल्या एकाही साइटवर कुणाला सुखानं डबा खाऊ दिला नव्हता. आता अबोला म्हटल्यावर आवाज कसा, असं विचाराल. तर तेच सांगायचंय.

थोरला आकाराम वायरिंगचा ठेकेदार, धाकटा बाळासो प्लंबिंगचा. छताखाली जागा असते हातभर. त्यात ह्याचे पाईप, त्याचे केबल ट्रे आणि तिसऱ्याच कुणाचा एसीचा डक्ट. मग काय, व्हायचंच.

"सांडपाण्याला ढाळ लागतो. ते काय तुझ्यासाठी जिना चढून जाणार हाय व्हय?" बाळासो म्हणायचा.

"बाळ्या, मी आदी आलोय. बोटभर सरकणार न्हाय," आकाराम ट्रे धरून उभा.

बोलताना आकारामला धाप लागली की बाळासो आणखी चिडायचा. "आदी गोळी घे, मग बोंबल."

जेवणाची सुट्टी संपेस्तोवर हे चालायचं. बारशाला, लग्नाला, मयताला मात्र एकमेकांकडं पाठ. कारण आईचं. आई धोंडुबाई गावाकडं कोडोलीत वारली तेव्हा बाळासो पुण्याला कामावर होता. निरोप मिळून तो एसटीनं येईपर्यंत आकारामनं सगळं उरकलं होतं. "माझ्यासाठी थांबला न्हाईस," एवढंच बाळासो म्हणाला. आकारामनं खाली मान घातली आणि ती काही वर काढली नाही.

बाळासोची लेक श्रुती हे लहानपणापासून बघत आली. शिवाजी पेठेत दोन गल्ल्या सोडून थोरल्या आबांचं घर, आणि तिथं तिनं जायचं ते चोरून. तिचा आबांवर फार जीव. तिला दुसरं काही नको होतं, ह्या दोघांनी एकदा शेजारी बसून भाकरी खावी, बास. आणि तिच्या शिकलेल्या डोक्यानं ठरवलं, की साइटवरची भांडणं मिटली की अबोलाही मिटेल. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

दोन हजार आठ साली ती पुण्याहून बीआयएम शिकून आली. अख्खी इमारत आधी कॉम्प्युटरवर उभी करायची, खांब, पाईप, वायरिंग सगळं खऱ्या मापात. दोन वस्तू एका जागी आल्या की तिथं लाल खूण उठते. मग कामाला हात लावायच्या आधीच कुणी कुठनं जायचं ते ठरवायचं आणि ज्याचा त्याला नकाशा द्यायचा. गावाबाहेर एक पाच मजली दवाखाना होत होता, तिथं तिला हे काम मिळालं. वायरिंग आबांकडं, प्लंबिंग बापाकडं, तात्यांकडं. पोरीला आभाळ ठेंगणं झालं.

तिनं रात्रंदिवस खपून एक-एक लाल खूण पुसली. आबांना त्यांचा कागद, तात्यांना त्यांचा, दोन्हींवर खाली तिची सही. साइट शांत झाली. बिल्डरनं तर तिला मिरवायचंच बाकी ठेवलं होतं. श्रुती मात्र वाट बघत राहिली, आज चहाला एकत्र बसतील, उद्या बसतील. दोघं वेगवेगळ्या मजल्यांवर काम करून वेगवेगळ्या वाटांनी घरी जात राहिले.

बाळासोचं जेवण कमी झालं. रोज संध्याकाळी तो विचारायचा, "उद्या कुठं काय अडतंय का गं?"

"काय न्हाय तात्या," ती अभिमानानं सांगायची.

"बरं झालं," म्हणून तो भिंतीकडं तोंड करून पडायचा.

शेवटी आईनं, शालननं, तिला चुलीपुढं बसवलं. "अगं खुळे, बारा वरसं ती दोघं तेवढंच बोलत्यात. भांडून आला की दोन भाकरी जास्त खायाचा तुझा बा. भावाचा दमा कसा हाय, वाळलाय का, तिथंच कळायचं त्याला. ते बी काढून घेतलंस तू."

सकाळी श्रुतीनं कॉम्प्युटरवरचं मॉडेल उघडलं आणि तिसऱ्या मजल्यावरचा एक पाईप वीतभर सरकवून आबांनी आधीच बसवलेल्या ट्रेमध्ये घातला. लाल खूण उठली. ती तशीच ठेवून तिनं दोघांना नवा नकाशा धाडला.

बाळासोनं तो दिव्याखाली धरून पाहिला. "ह्यो तर आडवा येतोय की."

"व्हय तात्या. कॉम्प्युटरला सुटंना झालंय. तुम्ही दोघं बघा."

दुसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली, धुतलेला सदरा घातला. "डब्यात भाकरी जास्त घाल," शालनला म्हणाला. वाटेत श्रुतीला म्हणाला, "आज बघतोच त्याला. बोटभर सरकणार न्हाय त्यो, माहीत हाय मला." किती दिवसांनी हसला होता.

तिसऱ्या मजल्यावर आकाराम नव्हता. त्याचा माणूस गुंडू शिडी आवरत होता. वर ट्रे सुबक वाकवून खाली घेतला होता, आणि पाईपाला मोकळी वाट होती.

"हे कुणी केलं?" बाळासोनं विचारलं.

"आबांनी स्वतः, काल. म्हणाले, प्लंबिंगवाल्यांना जागा द्या."

"असं म्हणाला? प्लंबिंगवाल्यांना?"

गुंडू चाचरला. "मी म्हटलं, आबा, भांडा की. तर म्हणाले, ज्याला माझं तोंड बघायचं न्हाय, सवता न येता पोरीच्या सहीचा कागद धाडतोय, त्याच्याशी काय भांडू? काम सोडून कोडोलीला गेलेत. दमा लई वाढलाय."

बाळासो शिडीच्या पायरीवर बसला. "आयुष्यात बोटभर सरकला न्हाय गं त्यो माझ्यासाठी," तो म्हणाला. "भावाशी भांडत्यात, वाट परक्याला देत्यात."

श्रुतीला रडू आवरेना. "चूक माझी हाय तात्या. चला, आत्ता कोडोलीला जाऊ. मी सांगते त्यांना सगळं."

"जाऊन काय बोलू?" बाळासो म्हणाला. "आईचं तेवढं मला बोलता येत न्हाय, त्याला बी येत न्हाय. ह्ये एवढं येत होतं."

तो उठला, शिडीवर चढला आणि त्यानं गुंडूकडनं पाईप मागून घेतला. पाईप कुठंही न घासता सरळ आत गेला आणि बसला.