परत आलेल्या पुस्तकांची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी गाडी आहे. वाचनालयात लोकांनी परत केलेली पुस्तकं ज्या गाडीवर ठेवतात ना, ती मी. जन्मापासून भित्री. तुम्ही म्हणाल, लाकडाला कसली भीती? अहो, वाळवीचं नुसतं नाव काढलं तरी माझ्या फळ्या थरथरतात.

एका सुताराने मला वाचनालयाच्या जुन्या दारापासून बनवलं. तीन चाकं एका मापाची मिळाली, चौथं काही मिळेना. मग त्याने जरा लहान चाक ठोकलं आणि म्हणाला, "चालेल! हिला कुठे शर्यतीत पळायचंय?" तेव्हापासून मी कुरकुरत आणि डावीकडे कलत चालते. पुस्तकं सांडतील या धास्तीत माझा अर्धा जन्म गेला.

दिवसभर परत आलेली पुस्तकं माझ्यावर साठायची आणि संध्याकाळी मावशी ती कपाटांत लावायची. मावशी म्हणजे वाचनालयातली मदतनीस. लहानथोर सगळेच तिला मावशी म्हणत. कपाटांत प्रत्येक पुस्तकाची जागा ठरलेली. कथा-कादंबऱ्या खिडकीपाशी, माहितीची पुस्तकं पार मागच्या भिंतीला. माझ्यावर मात्र सगळी सरमिसळ! भुताच्या गोष्टींना खेटून नळदुरुस्ती, गायिकेच्या चरित्रावर ज्वालामुखी आणि त्याखाली दबलेल्या विनोदी कथा. कादंबरी न्यायला आलेला माणूस जाता जाता माझ्यापाशी थबकायचा आणि भलतंच काहीतरी घेऊन जायचा. "गाडीवर बघा, तिथे चांगलं सापडतं," असं लोक एकमेकांना सांगायचे. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

आता एक गुपित सांगते, पण कुठे बोलू नका. कोणीच कधी न नेलेली दोन-तीन पुस्तकं मावशी रोज सकाळी मागच्या कपाटातून काढायची आणि गुपचूप माझ्यावर ठेवायची. लोकांना वाटायचं, कोणीतरी आत्ताच वाचून परत केलंय, म्हणजे चांगलंच असणार! लगेच उचलायचे. मला मात्र एकच धास्ती. हे उघडकीला आलं तर?

मग नव्या ग्रंथपालबाई आल्या. भारी शिस्तीच्या. त्यांनी मला जरा ढकलून पाहिलं आणि माझं ते मेलं चाक नेमकं तेव्हाच किंचाळलं.

"हिचं काय काम? पुस्तक आलं की थेट कपाटात गेलं पाहिजे. शनिवारी भंगारवाला येतोय, त्याला देऊन टाका ही."

मावशीचा चेहरा पडला. माझा तर जीवच टांगणीला लागला. दार वाजलं की वाटायचं, आला भंगारवाला!

गुरुवारी ड्रायव्हरकाका आले. निवृत्त बसचालक, रहस्यकथांशिवाय कशालाही हात न लावणारे. आदल्या आठवड्यात मात्र त्यांनी माझ्यावरून मुंग्यांवरचं एक जाडजूड पुस्तक नेलं होतं.

"बाई, माझ्याआधी हे कोणी वाचलं?" त्यांनी विचारलं. "मला त्यांच्याशी बोलायचंय. मुंग्या रांगेत कशा चालतात, काय सांगू! एवढी गर्दी, पण कोणी कोणाला अडवत नाही. आम्ही तीस वर्षं नुसते हॉर्न मारत बसलो. घरी सांगायला गेलो तर बायको म्हणते, आता मुंग्यांनाच जाऊन सांगा."

मला घाम फुटायचाच काय तो बाकी होता. बाईंनी शेवटचं पान उघडलं. तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी तिथे चिकटवलेली असते. तिच्यावर एकच शिक्का होता, काकांचा.

"अकरा वर्षांत तुमच्याआधी कोणीच नेलेलं नाही," बाई म्हणाल्या. "मग हे परत आलेल्या पुस्तकांत आलं कसं?"

संपलं! मावशी हातातलं फडकं पिळत पुढे आली.

"मीच ठेवलं, बाई. कपाटात त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. गाडीवर ठेवलं की माणसं हात तरी लावतात. मला काय बोलायचं ते बोला, पण गाडीला घालवू नका."

काका हिरमुसले. "म्हणजे कोणीच वाचलं नाही? मग मी बोलू कोणाशी?"

काकांनी खूण म्हणून एका पानात जुनं तिकीट ठेवलं होतं. बाईंनी ते पान वाचलं, मग पुढचं वाचलं. मग शिक्का उचलून ठप्पकन मारला.

"मी नेते. सोमवारी या, बोलू."

माझ्याबद्दल मात्र चकार शब्द नाही! शुक्रवार कसा काढला, ते माझं मलाच ठाऊक.

शनिवारी भंगारवाला आला. दोन मोडक्या खुर्च्या उचलून माझ्याकडे वळला. "आणि ही?"

बाई मुंग्यांच्या पुस्तकात डोकं खुपसून बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती राहू दे. तिला नुसतं तेल हवंय."

सोमवारी काका आणि बाई तासभर मुंग्यांवर बोलत बसले. मग बाईंनी ते पुस्तक स्वतःच्या हाताने माझ्यावर ठेवलं. चिठ्ठीवर आता दोन शिक्के होते. या खेपेला ते खरोखरच वाचून परत आलं होतं.

तेल अजून मिळालेलं नाही. ते असू दे. पण मित्रांनो, वाचनालयात गेलात की हवं ते पुस्तक घ्याच आणि सोबत एखादं न शोधलेलंही उचला. कोणी वाचलंय का, हे बघत बसू नका. मागच्या भिंतीला अजून पुष्कळ चिठ्ठ्या कोऱ्या आहेत, आणि मावशी आता थकत चालली आहे.