आबांचा विसावा

उत्तमने बापाची अंत्ययात्रा रंगवायला घेतली आणि कोपरच्या दोन खोल्यांत महिनाभर तिरडीचा मुक्काम पडला. मोहनेच्या कारखान्यातून सुटल्यापासून तो चित्रं काढायचा. बैल, विहिरी, देवळं, जमेल ते. हे मात्र त्याला बरोबर काढायचं होतं. चौतीस वर्षांपूर्वी आबा गेले तेव्हा तो वेळेत गावी पोचला नव्हता. निदान चित्रात तरी त्यांना नीट पोचवावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

थोरली बहीण गंगुबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याकडून आली होती. पट्टी निघाली तसं त्याने तिला चित्रासमोर बसवलं. धुळीची वाट, चार खांदेकरी, पुढे मडकं धरलेला चुलतभाऊ राघो.

“मानसं झ्याक काढलीस,” ती म्हणाली. “पर आबाला एवढ्या घाईनं कुठं घिऊन चाललीत?”

“म्हणजे?”

“आरं, इसाव्यावर दोन तास बसलेलो की समदी.”

विसावा म्हणजे वेशीबाहेरचा कट्टा. तिथे तिरडी टेकवायची, खांदे बदलायचे, बायकांनी मागे फिरायचं. पाच मिनिटांचं काम.

“दोन तास? कशाला?”

“तुझ्यासाठनं. राघो म्हनला, सांजची ठान्याची गाडी यिऊ दे, उत्तम उतरंल. गाडी आली, तू न्हाईस. मग दिस बुडायच्या आत उचलला. तुझी गाडी चुकली, तू तरी काय करनार?”

गाडी चुकली नव्हती. ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत ती चांगली अर्धा तास उभी होती आणि उत्तम समोर चहा पीत होता. पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार, मग उद्याच जाऊ, असं म्हणून त्याने ती जाऊ दिली. गावी सांगितलं, चुकली. पुढे कुणी उलटून विचारलं नाही. तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. आत्ता लाज वाटली.

आठवडाभर खपून त्याने चित्र बदललं. तिरडी कट्ट्यावर टेकलेली. माणसं उकिडवी बसलेली, बायका थांबलेल्या, सगळ्यांच्या माना गाडीच्या रस्त्याकडे. रस्ता चित्राच्या अलीकडे, बघणाऱ्याच्या बाजूला पडला; कागदावर काही मावेना, म्हणून तो काढलाच नाही.

गंगुबाईने बराच वेळ पाहिलं.

“आता बराबर. पर समदी तुझ्याकडंच बगत्यात की रं.”

“गाडी चुकली नव्हती, आक्का,” उत्तम म्हणाला.