तिसऱ्या दिवसाचा फोन

कारखान्याच्या विम्यात गुडघ्याला एक न्याय आणि मनाला दुसरा, हे कायद्याला चालत नाही. चालवलंच कुणी, तर आमच्या कामगार खात्यानं त्याला धरायचं. टोलीडो शहरातल्या काच कारखान्याची फाइल माझ्याकडे आली ती त्यासाठीच. गुडघ्याचा पेशंट चालायला लागेपर्यंत विमावाले चकार शब्द काढत नव्हते. मनाच्या वॉर्डात मात्र दर तिसऱ्या दिवशी फोन: अजून ठेवायची गरज काय?

तक्रार कारखान्यातच काम करणाऱ्या हेलन वोयतासची. तिच्या एकोणीस वर्षांच्या मार्सीला अशाच एका फोननंतर घरी पाठवलं आणि आठवड्याच्या आत पोरीनं जीव दिला.

"पोरीला ठेवू नका असं कोण म्हणालं, बाई? मला नाव हवंय. सहा वर्षं झाली."

"काढते शोधून," मी तोऱ्यात म्हटलं. "माझ्या हातून कुणी सुटत नाही."

मार्सीबद्दलच्या त्या फोनचं रेकॉर्डिंग आलं. वॉर्डातली नवखी नर्स आनंदानं सांगत होती, "आज पोरीनं दोन पॅनकेक खाल्ले हो! हसलीसुद्धा!" जुन्या नर्सेस असलं मरेस्तोवर बोलायच्या नाहीत. पेशंट जेवला म्हटलं की मंजुरी बंद, हे त्यांना पाठ होतं.

पलीकडची बाई म्हणाली, "वा! मग उद्या सोडा की घरी."

ती बाई मी होते. या खात्यात येण्याआधी मी विमावाल्यांसाठी असे फोन करणाऱ्या कंपनीत होते. दिवसाला चाळीस फोन, पेशंटचं नाव नाही, कारखाना नाही, नुसता नंबर. देवा, काय लाडात म्हटलं होतं ते 'वा'! आता भांडी घासताना ऐकू येतं, गाडी चालवताना ऐकू येतं. माझीच मला शिसारी येते.

हे ऐकून आमचे साहेब ग्लेन म्हणाले, "अगं व्हर्ना, फाइल दुसऱ्याकडे देतो. नियम चुकीचा होता, ते सिद्ध होतंय. आवाज कुणाचा, हे कायदा विचारत नाही. तू गप्प बस."

कायदा नसेल विचारत. हेलन विचारत होती. मी तिला फोन लावला.

"मीच होते ती," मी म्हटलं.



"काय म्हणाला होतात? जसं म्हणालात तसंच म्हणून दाखवा."

तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

"तेव्हा बरं पटकन जमलं," ती म्हणाली, आणि फोन न ठेवता वाट बघत राहिली.