घरगाडीतला ओटा

सुट्टी म्हटली की घरातल्या पुरुषांचे चेहरे खुलतात, आणि बाईचा हात मात्र आपोआप डब्यांकडे जातो. तिखट घेतलं का, चहापत्ती घेतली का, पोरींचे कपडे घेतले का! वाचकहो, तुमच्या घरी असं होत नसेल तर तुमचं अभिनंदन. आनंदराव गजभियेंच्या घरी असंच होत होतं. आणि आनंदराव वाईट होते म्हणून नव्हे बरं! चांगला माणूस, निर्व्यसनी, बायकोवर जीव असलेला. म्हणून तर ही गोष्ट सांगावीशी वाटते.

आनंदराव नागपुरात मोटारींच्या बॉडी बांधायच्या एका कारखान्यात फिटर होते. त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यांनी अजबच काम केलं. लिलावातली एक मोडकी बस आणली, रोज संध्याकाळी तिच्यावर ठोकाठोक केली आणि तिची घरगाडी बनवली. झोपायला फळ्या, खिडक्यांना पडदे, टपावर पाण्याची टाकी. अख्खी वस्ती बघायला लोटली.

"अन् हे पाह्य माय, हे सुमतीसाठी खास!" आनंदराव आपल्या आईला, भीमाबाईंना म्हणाले. "ओटा! स्टोव्ह ठेवायले जागा, मसाल्याले फळी, भांड्यायले कप्पे. कुठंबी गेलो तरी हिची गैरसोय नाही."

सुमती हसली. तिला ओट्याचं फारसं काही वाटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "अजी, पहिले खाप्याले जाऊ. कन्हानवर."

खापा तिचं माहेर. कन्हान नदीत बापाने तिला पोटाखाली हात धरून पोहायला शिकवलं होतं. लग्नानंतर ती माहेरी गेली ती बाळंतपणाला, कोणाच्या लग्नाला, कोणाच्या मौतीला. नदीत एकदाही उतरली नव्हती. आता तिच्या मनात एकच होतं. एकदा त्या पाण्यात मनसोक्त पोहायचं.

उन्हाळ्यात कन्हानच्या दोन धारा होतात आणि मधे वाळूचं लांब, चिंचोळं बेट उघडं पडतं. डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्या लावणारे लोक तिथे झोपड्या टाकून राहतात. शनिवारी सकाळी घरगाडी घोट्याएवढ्या पाण्यातून बैलगाड्यांच्या वाटेने त्या बेटावर चढली. आनंदराव, सुमती, त्यांच्या दोन पोरी आणि भीमाबाई गाडीत राहिल्या. आनंदरावांचे दोस्त गोविंदा आणि त्यांची बायको कांताबाई यांनी एक रिकामी झोपडी मागून घेतली.

काय ती जागा! दोन्ही हातांना पाणी, वर मोकळं आभाळ. पोरी तर धावतच पाण्यात शिरल्या. सुमतीनेही पदर खोचला, आणि तेवढ्यात गोविंदा म्हणाले, "वहिनी, पहिले एक एक चहा होऊन जाऊ द्या!"

चहा झाला. मग भजी झाली. मग जेवण. बातमी खाप्यात पोहोचली आणि लोक घरगाडी बघायला येऊ लागले. "जय भीम! या, या, बसा!" आनंदराव मोठ्या कौतुकाने प्रत्येकाला आत फिरवत आणि शेवटी ओट्यापाशी आणून म्हणत, "सुमती, चार कप वाढव वं!"

ओट्याला खिडकी होती आणि खिडकीतून नदी हाताच्या अंतरावर होती. पण नदीवरचा वारा स्टोव्ह विझवायचा, म्हणून सुमतीला ती खिडकी बंदच ठेवावी लागे. पोरींचं खिदळणं तिला पत्र्याआडून ऐकू यायचं. शनिवार असा गेला. रविवारी पोहे, मटण, भाकरी, पुन्हा पाहुणे. कांताबाई मदतीला होतीच, म्हणजे एकीच्या जागी दोघी अडकल्या इतकंच!

रविवारी ऊन उतरायला लागलं. सोमवारची ड्युटी होती, तासाभरात निघायचं होतं. सुमती घामाने भिजलेली खाली उतरली. आनंदराव गाडीच्या सावलीत वाळूवर आडवे होते.

"अजी, मी जराशी नदीत जाऊन येऊ?"

"जाय नं! विचारून काहून राहिली?" आनंदराव डोळे न उघडता म्हणाले. "फक्त सगळ्यायले चहा टाकून जाय."

सुमतीने नदीकडे एकदा पाहिलं आणि परत पायरी चढू लागली. तिचे डोळे भरून आले होते.

भीमाबाई जवळच बसल्या होत्या. त्यांनी ते डोळे पाहिले.

"आनंदा, उठ गा!"

"काय झालं माय?"

"आपण सगळे घर सोडून आलो. सुमती कुठं आली? ते तं घरीच हाय! तू चूल उचलून आणली अन् तिले तिच्यासमोर उभी केली."

"मी कुठं मना केलं तिले?" आनंदराव दचकून उठून बसले.

"मना नाही केलं. पण मोकळं बी नाही सोडलं. विहारात समतेवर मोठं भाषण देतं तू, मी टाळ्या वाजवतो. मंग हे काय होय?" भीमाबाई त्यांच्याजवळ सरकल्या. "छप्पनच्या दीक्षेचा दिवस आठव. तुह्या लहान बहिणीले ताप होता. तुह्या बापानं पोरगी आपल्या खांद्यावर घेतली, दूर झाडाखाली जाऊन बसला अन् मले म्हणे, 'तू पुढं जाय, नीट आयक. मले मागून सांगजो.' बावा रे! अख्खा जन्म त्यानं मले सोनं नाही देलं. पण तो दिवस देला. अजून त्याचं नाव घेतलं की माहे हात जुळतात."

आनंदरावांना तो दिवस आठवला. झाडाखाली बसलेला बाप आठवला. आपण रोज संध्याकाळी खपून बायकोला काय दिलं? ओटा! अरेरे! आणि तिने मागितलं काय होतं? एक नदी, तीही तिचीच!

ते ताडकन उठले, गाडीत गेले आणि सुमतीच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"जाय तू. चहा मी टाकतो."

"तुम्हाले साखरेचा डबा बी माहीत नाही!"

"सापडन! नाही सापडला तं बिनसाखरेचा पितीन लोक. जाय म्हणतो नं! अन् कांतावहिनीलेबी ने. गोविंदा, इकडे ये गा, कप धुवाले लाग!"

"आपल्याले निघाचं हाय नं आत्ता?"

"तू आली की निघू. रात्र झाली तरी चालन."

सुमती पायरीवरून उडी मारून, कांताबाईला हाक मारत धावली. पाणी कमरेला लागलं तसे तिचे हात आपोआप चालू लागले. पंधरा वर्षं झाली असतील, पण हात विसरले नव्हते! पोरी काठावर थक्क होऊन ओरडल्या, "आई पोहते! आजी, पाह्य, आईले पोहता येते!" आणि सुमती पाण्यात मोठमोठ्याने हसत होती. आनंदरावांनी हे हसू लग्नापासून कधी ऐकलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली ती थेट भीमाबाईंपाशी. ओल्या अंगानेच वाकून पाया पडली.

"माय, तुमच्यानं झालं हे."

"माह्या नको पाया पडू. मले पाण्यात घेऊन चाल. म्या कधी कोणती नदी गुडघ्याच्या वर नाही पाहिली."

सुमती सासूचा हात धरून तिला धारेत घेऊन गेली. म्हातारी लहान पोरीसारखी किंचाळत, हसत होती. काठावर आनंदराव चहाचं ताट घेऊन उभे होते. चहा करपला होता, साखर जास्त झाली होती, आणि त्यांचे डोळे वाहत होते. मनातल्या मनात त्यांनी आईचे आभार मानले, बापाचे मानले, आणि ज्या बाईने इतकी वर्षं मागण्याआधी पुढ्यात कप आणून ठेवला तिचे तर पहिल्यांदाच मानले.

वाचकहो, आपल्याही घरात अशी एक बाई आहे. ती तक्रार करत नाही, म्हणून तिला काही नको असतं असं समजू नका. तिची सोय करण्याआधी तिला मोकळीक द्या, आणि समता विहारात, सभेत बोलून झाली की घरी चुलीपाशीही आणा. पुढच्या वेळी सहलीचा बेत ठरेल तेव्हा आधी तिला विचारा, "तुला काय करायचंय?" आणि ती जे सांगेल ते करून परत येईपर्यंत चहा तुम्ही टाका.