विद्याच्या फॉर्मवर मी काय लिहिलं

विद्या साळवे मोल्दोव्हाला निघाली तेव्हा मोल्दोव्हा कुठे आहे हे झाशीत दतिया गेटजवळच्या आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. आठ दिवसांत सगळ्यांना पाठ झालं. युक्रेनच्या शेजारचा देश, लढाईतून बाहेर पडलेल्या बायका आणि मुलं तिथे आसऱ्याला आहेत, आणि विद्या तिच्या चर्चच्या गटाबरोबर चार महिने त्या मुलांना सांभाळायला, शिकवायला जाणार. बातमी दूधवाल्यापर्यंत पोचली. तो मला म्हणाला, "मास्टरनी जी, आपकी सहेली तो बड़ा पुण्य कमा रही हैं." मी दूध घेतलं आणि दार लावून घेतलं.

खोटं कशाला सांगू, माझ्या पोटात दुखत होतं.

बत्तीस वर्षं आम्ही दोघींनी एकाच शाळेत शिकवलं. अख्ख्या शाळेत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. तिचे वडील नगरहून रेल्वेच्या नोकरीवर झाशीला आले. माझ्या सासरचे लोक अडीचशे वर्षांचे झाशीकर. त्या हिशोबानं मराठी माझी चांगली हवी. पण तिच्या घरात रोज सकाळी मराठीत प्रार्थना व्हायची आणि आमच्या घरात हिंदीत भांडणं. त्यामुळे महाराष्ट्रातून कुणी पाहुणा आला की मला सोडून तिच्याशीच बोलत बसायचा. शाळेतली पोरं तिच्या पदराला धरून असायची. माझी स्वतःची मुलगी मयुरा पुण्याहून मला दर रविवारी फोन करते आणि विद्यामावशीला मनात येईल तेव्हा. हे सगळं मी गिळत आले, कारण एका गोष्टीत मी तिच्या वर होते. शाळेची मुख्याध्यापिका मी झाले, ती नाही झाली.

आता एकसष्टाव्या वर्षी ती विमानात बसणार होती. मी काठमांडूच्या पुढे गेलेली नाही, आणि तिथेही बसनं.

"मलाही ने की," मी एकदा म्हणून पाहिलं. गमतीत म्हटलं, पण सगळी गंमत नव्हती.

"तुझा गुडघा तुला इलाइट चौराह्यापर्यंत नेत नाही," विद्या हसून म्हणाली. शेजारी आमचे हे, म्हणजे नीलकंठराव, वर्तमानपत्र वाचत बसले होते. तेही हसले. वर म्हणाले, "विद्याताई, या वयात एवढी हिंमत पाहिजे हो. आमच्याकडे तर भाजी आणायची म्हटली तरी पंचांग बघतात." नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी नीट कळलं.

आणि मग तो फॉर्म आला.

लहान मुलांमध्ये काम करायला बाहेरदेशी पाठवायचं तर ही संस्था उमेदवाराची फार कसून चौकशी करते. पोलिसांचा दाखला लागतो, डॉक्टरचा लागतो, आणि एका अशा माणसाचं मत लागतं जो नात्यातला नाही, चर्चचा नाही आणि उमेदवाराला दहा वर्षांहून जास्त ओळखतो. तो माणूस काय लिहितो ते उमेदवाराला दाखवत नाहीत. विद्यानं माझं नाव दिलं होतं. मला न विचारता दिलं होतं, आणि दिल्यावर सांगितलं.

फॉर्म ईमेलनं आला. हिंदीत भरला तरी चालेल असं वर लिहिलं होतं. मी दुपारी जेवण आटोपून संगणकासमोर बसले. पहिले प्रश्न साधे होते. किती वर्षांची ओळख, स्वभाव कसा, राग येतो का. आपलं मूल तुम्ही या व्यक्तीवर निर्धास्तपणे सोपवाल का, असंही विचारलं होतं. मला टायफॉइड झाला होता तेव्हा मयुरा महिनाभर विद्याकडेच राहिली होती, आणि परत आली तेव्हा रडत आली होती. मी "हो" लिहिलं.

नववा प्रश्न होता: या व्यक्तीच्या देखरेखीखाली कधी एखादं मूल धोक्यात आलं होतं का? असल्यास सविस्तर लिहा.

आलं होतं. सोळा वर्षांपूर्वी शाळेची सहल ओरछ्याला गेली होती. परत झाशीला पोचल्यावर कळलं की विद्याच्या वर्गातली गुड्डी बसमध्ये नाही. सात वर्षांची पोर बेतवा नदीच्या काठावर, राजांच्या समाध्यांवरच्या छत्र्यांपाशी राहून गेली होती. आम्ही परत गेलो तेव्हा ती एका बांगडीवालीच्या टोपलीशेजारी बसून चणे खात होती. तिला काही झालं नाही. पण नदी हातभर अंतरावर होती, आणि तिचा बाप दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन जे बोलला ते चूक नव्हतं. त्या वेळच्या मोठ्या बाईंनी विद्याला बोलावलं. विद्या म्हणाली, वर्ग माझा होता. दहा मिनिटांत चौकशी संपली. पुढच्या एप्रिलमध्ये मुख्याध्यापिका नेमायची होती, तेव्हा तिचं नाव आपोआप मागे पडलं.

नवव्या प्रश्नाखाली मी हे सगळं लिहिलं. तारीख, ठिकाण, मुलीचं वय, नदी. एक शब्द खोटा लिहिला नाही.

फक्त एक गोष्ट लिहिली नाही. त्या दिवशी निघायच्या वेळी विद्या पुढच्या सीटवर एका ओकणाऱ्या पोराचं डोकं धरून बसली होती. तिनं मला ओरडून सांगितलं, "सरला, माझ्या वर्गाची मोजणी कर गं." आमच्या शाळेत नियम होता की सहलीत पटावरून एकेक नाव घ्यायचं आणि पोरानं हात वर करायचा. मला उशीर होत होता. मी नावं घेतली नाहीत, डोकी मोजली. पटावर होती तेवढीच, बेचाळीस भरली. त्यातलं एक डोकं बस ड्रायव्हरच्या मुलीचं होतं, तीही बापाबरोबर सहलीला आली होती.

हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. विद्यालाही कळलं होतं. आम्ही यावर कधी बोललो नाही. ती बोलली नाही म्हणून मी बोलले नाही, आणि मग मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसल्यावर तर बोलायचा प्रश्नच नव्हता.

फॉर्म पाठवून मी चहा केला. बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

चार दिवसांनी दिल्लीहून फोन आला. रश्मी मॅडम म्हणून कुणी होत्या, आवाजावरून तरुण. "सरला जी, आपने बहुत ईमानदारी से लिखा, शुक्रिया," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली, आणि पुढे जे सांगितलं त्यानं मी खुर्चीत सरळ झाले. ओरछ्याची गोष्ट विद्यानं स्वतःच्या फॉर्ममध्ये आधीच लिहिली होती. कुणी विचारायच्या आधी. तारीखही तीच. फक्त तिनं एवढं जास्त लिहिलं होतं की मोजणी दुसऱ्या एका शिक्षिकेनं केली होती, पण वर्ग आपला असल्यानं जबाबदारी आपली. नाव लिहिलं नव्हतं.

"आपके बयान में दूसरी टीचर का ज़िक्र नहीं है," रश्मी मॅडम म्हणाल्या. "आपको कुछ याद है?"

"याद नहीं," मी म्हणाले.

मग त्यांनी सरळ सांगितलं. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल दोन माणसांचं म्हणणं जुळलं नाही, तर त्या माणसाला पाठवत नाहीत. उमेदवारानं आपली चूक दुसऱ्यावर ढकलली असा संशय जरी आला तरी फाइल बंद होते. सोमवारपर्यंत काही आठवलं तर कळवा, म्हणाल्या.

तो गुरुवार होता. म्हणजे चार दिवस विद्याचं जाणं न जाणं माझ्या मुठीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यावर अवलंबून होती आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

शनिवारी मी तिच्याकडे गेले. जायला नको होतं, पण मला तिचं तोंड बघायचं होतं. ती जमिनीवर पसारा मांडून बसली होती. जुन्या साड्यांचे काठ कापून बोटात घालायच्या बाहुल्या शिवत होती, बारा झाल्या होत्या, तीस करायच्या होत्या. भिंतीवर तिकडच्या भाषेतले शब्द मराठी अक्षरांत लिहून चिकटवले होते. ये. बस. भूक लागली का. भिऊ नको. मला वाचून दाखवले. उच्चार चुकला की स्वतःच हसायची.

"दिल्लीहून अजून कळवलं नाही," ती म्हणाली. "गटातल्या बाकी सगळ्यांचं झालं. माझंच राहिलंय."

"कळवतील," मी म्हणाले.

"आणि नाही झालं तर आहेच आपलं. चार वाजता तुझ्याकडे चहाला, जन्मभर." असं म्हणून ती सुईत दोरा ओवायला लागली. तिला दिसत नव्हतं, म्हणून मी ओवून दिला.

घरी येताना रिक्षात मी त्याच वाक्याचा विचार करत होते. चार वाजता, जन्मभर. ती रोज येणार, समोर बसणार, मोल्दोव्हा राहून गेलं म्हणणार, आणि मी तिला बशी पुढे करणार. मला चांगुलपणाचा झटका आला असं कुणी समजू नये. मला ते तोंड रोज बघवलं नसतं, एवढंच.

सोमवारी सकाळी मी रश्मी मॅडमना फोन लावला. म्हणाले, "गिनती मैंने की थी. नाम नहीं पुकारे, सिर गिने. गलती मेरी थी."

त्यांनी मला पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. मग म्हणाल्या की फॉर्ममधली माहिती मागाहून बदलली तर नियमाप्रमाणे उमेदवाराला दोन्ही म्हणणी दाखवावी लागतात, आधीचंही आणि आताचंही, मधल्या फोनच्या नोंदीसकट. मला मंजूर आहे का. नाही म्हटलं तर आताचं म्हणणं धरता येणार नाही.

आमचे हे बाहेर गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. मी त्यांच्या पाठीकडे बघत हो म्हणाले.

बुधवारी चार वाजता विद्या आली. नेहमीसारखी चप्पल दाराशी काढली, नेहमीच्या खुर्चीवर बसली. मी चहा आणला. तिनं कप हातात घेतला आणि म्हणाली, "निवड झाली."

"चांगलं झालं."

"दोन्ही वाचले," ती म्हणाली. "आधीचं आणि नंतरचं."

ती रडेल असं मला वाटलं होतं, किंवा मला जवळ घेऊन "जाऊ दे गं" म्हणेल. बत्तीस वर्षं लोक तिला देवमाणूस म्हणत आले होते, आणि मीही मनातल्या मनात तेच धरून बसले होते. तिनं शांतपणे चहाचा घोट घेतला.

"तुझं नाव मी मुद्दाम दिलं होतं, सरला. चर्चबाहेरची, दहा वर्षं ओळखणारी माणसं मला छप्पन मिळाली असती. तुझे यजमानच होते की. म्हटलं, तोंडानं बोलत नाही, निदान कागदावर कुणी विचारलं तर सांगेल."

"सांगितलं ना मी."

"तिसऱ्या वेळी सांगितलंस. पहिल्यांदा मला बुडवलंस, दुसऱ्यांदा आठवत नाही म्हणालीस." तिचा आवाज चढला नव्हता. वर्गातही ती कधी आवाज चढवत नसे. "ती खुर्ची मला हवी होती. फार हवी होती. तू कधी विचारलं नाहीस म्हणून तुला माहीत नाही."

"मग त्या वेळी सांगायचं होतंस बाईंना. मी काय तुझं तोंड धरलं होतं?"

"पोर माझ्या वर्गातली होती. आणि मला वाटलं, उठून तूच सांगशील. मी तिथे उभी होते आणि तू शेजारी उभी होतीस. मी वाट बघत होते. नंतर सवयच लागली वाट बघायची. तू मुख्याध्यापिका झालीस तेव्हा, निवृत्त झालीस तेव्हा. रोज चार वाजता."

आत नीलकंठरावांनी रेडिओ लावला. विद्यानं चहा संपवला आणि कप ट्रेमध्ये ठेवला. उठली, साडी नीट केली.

"सतराला निघते," ती म्हणाली. "स्टेशनवर येऊ नकोस."

मी दारापर्यंत गेले. ती जिना उतरली, खाली गल्लीत दूधवाला भेटला, त्याच्याशी थांबून बोलली. तो हात जोडून काहीतरी म्हणाला आणि ती हसली. मोकळी हसली. सोळा वर्षं पोटात ठेवलेलं तिनं पाच मिनिटांत माझ्यासमोर ठेवलं होतं आणि आता ती हलकी होऊन त्या पोरांकडे निघाली होती. खरं बोलून मला काही हलकं वाटलं नव्हतं. मी वर दारात उभी राहिले, आणि मला तिच्या त्या हलकेपणाचाही हेवा वाटला.