पुलापलीकडचं पाणी

पैनगंगेच्या पुरात पूल वाहून गेल्याला तीन दिवस झाले होते. पलीकडच्या वाडीतल्या विहिरी गढूळ झाल्या होत्या, लेकरांना हगवण लागली होती. मदतसंस्थेच्या पौर्णिमानं दोन्ही काठांना तारेचा दोर बांधून औषधं पोचवली. पण पाण्याचा टँकर दोरावरून कसा जाणार?

तेवढ्यात रिसोडचे पाइपवाले मदनसिंग जीप घेऊन आले. जीपमध्ये दोनशे चादरी, एकूणएक चादरीवर दुकानाचं नाव.

"ताई, वाटा ह्या. फोटोवाला बी आणला."

"दादा, चादरी घेऊन काय करतीन ते? पाणी पाह्यजे त्याईले." पौर्णिमा चिडून बोलली. "तुमच्या दुकानात काय हाय, ते सांगा!"

"पाइप हायेत. दुसरं काय असनार?"

बोलता बोलताच ते थबकले. दोघांचीही नजर एकदमच शेजारच्या मळ्यातल्या बोअरकडे गेली.

"डिझेल इंजिन बी हाय माह्याकडं!" मदनसिंग ओरडले.

दोन तासांत ट्रक आला. वीस-वीस फुटी पाइप खटाखट जोडले गेले, दोराला टांगून पलीकडे सरकवले गेले. इंजिन धडधडलं. पाइप पाण्यानं जड होऊन मधोमध लवले आणि फट्‌कन जोड सुटला. सगळं पाणी नदीत!

पौर्णिमानं धावत जाऊन इंजिन बंद केलं. मदनसिंग मात्र कपाळावर हात मारून हसले.

"येडाच हाव मी! अधांतरी जोड टिकते काय? मधात अखंड काळी नळी टाका. दीडशे फुटाचं बंडल हाय ट्रकात!"

पुन्हा ओढाताण, पुन्हा गाठी. इंजिन सुरू झालं. काळी नळी सापासारखी वळवळली, पण टिकली. पौर्णिमानं पलीकडच्या वाडीतल्या आशा सेविका अंजनाला फोन लावला.

"आलं काय वं?"

"नाई अजून... नुसती हवा फुसफुसून राह्यली... थांब... आलं! आलं वं माय!"

पुढचं काही ऐकूच आलं नाही. पलीकडे माणसं घागरी बडवत नाचत होती. अंजनानं वाडीच्या टाकीत पाणी शुद्ध करायचं औषध टाकून अर्धा तास कुणाला हात लावू दिला नाही. मग पहिला पेला एका बाळंतिणीच्या हातात दिला.

इकडे मदनसिंग फोटोवाल्यालाच पाइप उचलायला लावत होते.

"ताई, असं अडकलेलं गाव अजून कोनतं हाय?"

"दोन हायेत," ती म्हणाली, आणि ओरडून ओरडून आपला घसा पार बसलाय हे तिला तेव्हा कळलं.