गोटमारीत मरणारा अंकुश

सौंसरच्या भगवंतरावांनी तीन कादंबऱ्या लिहिल्या. वाचक एकच: मी. मी अंकुश, सावरगावचा कवी, माझाही वाचक एकच: भगवंतराव. पांढुर्ण्याचे कवी मला सावरगावचा म्हणून बोलावत नाहीत, सावरगावचे मूळचा रामाकोन्याचा म्हणून. आम्ही दोघं कधी भेटलो नव्हतो, नुसती पोस्टकार्डं चालायची.

श्रावणात कार्ड आलं. "चौथ्या कादंबरीचा नायक तू. नावही अंकुशच. शेवटी गोटमारीत मरतो."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांना गोटे मारतात, ती गोटमार. कार्ड उघडं असल्यामुळे माझं मरण आधी पोस्टमनने वाचलं होतं. देताना त्याने चपला काढल्या.

भगवंतरावांच्या पहिल्या कादंबरीत सौंसरचा एक टेलर विहिरीत पडतो. पुस्तक छापून आलं आणि टेलर खरंच पडला. दुसरीत एक मास्तर वेडे होतात. खरे मास्तर आता बसस्टँडवर गाड्यांची हजेरी घेतात.

मी लिहिलं, "काका, मले वाचवा. पाय मोडला तरी चालते."

उत्तर आलं नाही. लेखक गप्प आहे म्हणजे लिहून राहिला, असं समजून माझी झोप उडाली.

गोटमारीच्या सकाळी लोक गोटे जमवत होते, तेव्हाच मी पूल ओलांडून सौंसरची गाडी धरली. गोट्यांपासून लांब ओळखीचं घर तेवढंच होतं.

दाराला आतून कडी.

"कोण?"

"अंकुश, सावरगावचा."

मग कापरा आवाज आला, "जिवंत का मेलेला?"

"अजून तं जिवंत."

दार किलकिलं झालं. म्हाताऱ्या भगवंतरावांनी आधी माझे पाय सरळ आहेत का ते पाहिलं.

"शेवट लिहिला का काका?"

"कुठचा बे. कार्ड पेटीत टाकलं अन् टेलर आठवला. तवापासून पेनाले हात लावाचं भेव वाटते. तू गेला तं मले वाचणार कोण?"

"मंग आता?"

"तूच लिही."

मी लिहिलं: अंकुश भिऊन सौंसरला पळाला आणि म्हातारा होऊन घरीच मेला.

त्यांनी वाचलं. "नायक भेकड निघाला."

"निघू द्या."

"अन् मले काही होत नाही ना?"

तेवढ्यात टिनाच्या छपरावर धाडकन काहीतरी आदळलं. आम्ही दोघं खाटेखाली. अंगणातल्या झाडाचं हिरवं संत्रं गळलं होतं. घरंगळताना दारातून दिसलंही. तरी कोणी बाहेर निघालं नाही.

"हे नको लिहू," भगवंतराव हळूच म्हणाले.

"पेन खाटेवरच राहिला, काका."

"राहू दे."